विहिरीशी घासाघीस

काष्टीच्या बाजारात बैलाचा सौदा चालला होता. भाव खुणेने सांगायला उपरण्याखाली माझी बोटं समोरच्याच्या मुठीत होती, तेव्हा फोन आला... रशीदभाई गेले. सौदा मी पुरा केला. दीड वर्षाचा राग एका फोनने जात नाही.

रशीदभाई आमच्या गावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. कुणाची मोटार कोणत्या महिन्यात कोरडी चालून जळली, हे ते वर्षानुवर्षं लिहून ठेवत. पुढे मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते सगळं चढवलं आणि दर सोमवारी टेपला दगड बांधून विहिरी मोजू लागले. कुठे ऊस, कुठे ज्वारी, बंधारा कुठे, हे गावाने त्या आकड्यांवरून ठरवावं, एवढाच त्यांचा ध्यास. आकडा मालकाने मोठ्याने म्हणायचा, मगच ते लिहीत. मी शून्यातून वर आलेला माणूस, भाव पाडल्याशिवाय मीठही घेत नाही. माझ्या विहिरीत पाणी चाळीस फुटांवर लागलं तेव्हा म्हणालो, "पस्तीस लिवा, भाई. पाच फुटानं तुमचं काय जातंय?"

"माझं काय न्हाई जात, शेठ. तुमचंच जातंय."

ग्रामसभेत त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. माझी विहीर लाल. उसाला पाणी दिलं तर दुसऱ्या होळीच्या आत तळ दिसेल, तिच्यावर पिण्याचं पाणी भरणारी चार घरंही कोरडी पडतील, असं सगळ्यांसमोर सांगितलं. लोक हसले. एकट्याला गाठून सांगता आलं असतं... ते मी अजून विसरलेलो नाही. ईर्ष्येने एकाचा तीन एकर ऊस केला. पहिला उन्हाळा निघाला तेव्हा त्यांच्या दुकानावरून मुद्दाम हॉर्न वाजवत गेलो. यंदा संक्रांतीपासून मोटार पाण्याऐवजी हवा ओढतेय. हे कुणाला सांगितलं नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला घरी गेलो तर भाभींनी त्यांचा टेप हातात ठेवला. म्हणाल्या, "ते म्हणायचे, शेठ रागाचा हाय, पण मोजील."

काल सोमवार होता. टेप सोडला. दगड खाली जातच राहिला... मग डुबुक ऐकू आलं. बावन्न फूट. सवयीने तोंडातून निघालं, "पंचेचाळीस." विहिरीने तोच आकडा परत दिला. सात फूट मी कुणाकडून सोडवून घेत होतो? काठावर वाकून पुन्हा म्हणालो, "बावन्न, भाई."

मग मोटारीचा फ्यूज काढून खिशात टाकला. समोर तीन एकर ऊस सळसळत होता, तिकडे पाहवलं नाही. दगड तळाला टेकवून टेप वर ओढला, गुंडाळला. ओला लागला तो दगडाजवळचा जेमतेम हातभर.