राहेलच्या हातातली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलं नाही — पाळकसाहेबांना नाही, नवऱ्याला नाही. प्रार्थनेत देवालासुद्धा आडवळणानंच. तुम्हाला सांगतेय, कारण आता माझा मलाच वैताग आलाय.

निलंग्यात आमची मंडळी, म्हणजे चर्च, छोटी. एक जानेवारीला उपासनेनंतर वचनाचा डबा फिरतो. ज्यानं त्यानं डोळे मिटून चिठ्ठी उचलायची. तिच्यावरचं शास्त्रवचन म्हणजे देवाचा त्या वर्षाचा शब्द. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर चांगलं आहे म्हणे माझं — काय जाळायचंय ते अक्षर?

राहेल माझी शेजारीण. त्या वर्षी तिच्या छातीत गाठ लागली होती अन् लातूरच्या डॉक्टरांनी लगेच तपासायला बोलावलं होतं. लई घाबरली होती. मला बघवेना. म्हणून मी — किती सोपं वाटलं तेव्हा — बरं होण्याचं एक वचन लिहून मुठीत ठेवलं, अन् डबा तिच्यापुढे धरताना हळूच तिच्या बोटांत सारलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

तिनं ते वाचलं अन् रडली. मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरायची होती. ती गेलीच नाही. म्हणाली, "आता कशाला जाऊ? देवानं सांगितलं न्हाई का?"

तेव्हाच बोलायचं होतं. एवढंच, की देवानं नाही, मी सांगितलं. पण रविवारी तिनं उपासनेत उभं राहून देवानं बरं करायचा शब्द दिल्याची साक्ष दिली, सगळ्यांनी हालेलुया म्हटलं, अन् माझी जीभ उचलेना. जाऊन तर ये, असं म्हणत राहिले. खरं एकदाही नाही. भीती कसली होती? मंडळीत नाक कापलं जाईल — बस, एवढीच.

बायबलातल्या पौलाच्या पत्रातला आशेचा धडा रविवारच्या शाळेत मीच शिकवते. जे दिसत नाही त्याची धीरानं वाट बघायची, ती आशा. अन् मी ती कागदावर लिहून, घडी घालून हातात दिली.

ईस्टरनंतर तिला लातूरला नेलं, तेव्हा डॉक्टर चिडले. उशीर झाला होता. पावसाळ्यात तिला घरी आणलं. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसायचे. एकदा म्हणाली, "वचन खोटं न्हाई, बाई. माझाच इश्वास कमी पडला."

चिठ्ठी तिच्या बायबलात होती, माझ्या अक्षरातली. मी तिला चमच्यानं पाणी पाजलं अन् म्हणाले, "व्हय."