गिरणीवरचं विद्यापीठ

सांगलीच्या विश्रामबागेत पिठाच्या गिरणीच्या वर हंबीरराव सरांची खोली होती. खाली ज्वारी दळली जायची, वर राज्यघटना. गिरणीचा पट्टा सुरू झाला की सर खुर्चीवर चढून ओरडायचे, पण मूलभूत हक्क अर्धवट सोडायचे नाहीत. दर रविवारी आम्ही भुवयांवर पीठ घेऊन घरी जायचो. बायको म्हणायची, कॉलेजला जाताय का हमालीला?

मी अर्जुना, इस्लामपूर डेपोचा कंडक्टर. खोटं कशाला बोलू, पदवीवाचून माझं काही अडलं नव्हतं. मेव्हणा बी. ए. होता आणि जेवायला बसला की दर घासाला ते ऐकवायचा, म्हणून मी नाव घातलं. मायाबाई होवाळांचं तसं नव्हतं. त्या आष्ट्याला अंगणवाडी सेविका, घरातून कॉलेजपर्यंत पोचलेल्या पहिल्याच. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी पाहिजे, आणि वयाची अट बघता त्यांच्या हातात पुढची एकच भरती होती. ती हुकली की निवृत्त होईपर्यंत सुकडी शिजवत बसा.

सर स्वतः राज्यशास्त्रातले एम. ए. कॉलेजात तासावर शिकवायचे. मार्चला घरी, जूनला परत अर्ज, असं चाललेलं. एका जूनला संचालकांचा भाचा उगवला आणि सरांना नारळ मिळाला. मग त्यांनी कर्नाटकातल्या एका विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाचं केंद्र घेतलं. करारात काम एवढंच, पुस्तकांची पार्सलं आली की वाटायची. पण सर कसले गप्प बसतात! वाटलेलं पुस्तक त्यांनी शिकवायलाही घेतलं. जगात त्यांना दुसरं काही नको होतं. चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, पण कुणी ‘सर’ म्हटलं की गडी कमिशनरसारखा चालायचा.

आणि शिकवायचे काय! “केंद्र-राज्य संबंध म्हंजी सासू-सून,” ते सांगायचे. “घर एक, चुली दोन, आन् किल्ल्या कुणाकडं ह्यावरनं कोर्ट!” मायाबाईंना इंग्रजीच्या पेपरानं घाम फुटायचा. सगळे गेले की सर त्यांना थांबवून एकेक वाक्य दहादा म्हणून घ्यायचे. गिरणीवाला वैतागून वर यायचा. “आवं सर, गिऱ्हाइकं इंग्रजी ऐकून पळाय लागल्यात!”

सत्त्याण्णव साल उजाडलं आणि सरकारी फतवा आला. विद्यापीठानं आपल्या राज्याबाहेर केंद्र चालवायचं नाही, वर्ग घ्यायचे नाहीत, परीक्षा तर नाहीच नाही. पार्सल टपालानं घरी येईल, विद्यार्थ्यानं घरात बसून शिकावं आणि परीक्षा विद्यापीठाच्या राज्यात जाऊन द्यावी. तसं केलं असेल तरच पदवी सरकारी नोकरीला चालेल.

“म्हणजे आम्ही शिकायचं, पण कुणी शिकवायचं नाही?” मायाबाईंनी विचारलं.

“व्हय. शिकवलं की पदवी बाटती!” सर म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी खालचा बोर्ड उतरवला, उलटा करून त्यावर चहाचे कप ठेवले, आणि वर्ग पुढं चालू. कोण मेला बघायला येतोय?

परीक्षेचं मात्र झाकता येईना. मग सर म्हणाले, परीक्षा सांगलीत येत न्हाई तर सांगलीच परीक्षेला न्यायची. मिरजेच्या पलीकडं कागवाड, म्हणजे कर्नाटक. तिथल्या एका शाळेत विद्यापीठानं परीक्षा ठेवली आणि आमची अख्खी बॅच टेम्पोत उभी राहून परराज्यात गेली. नाक्यावर पोलिसानं विचारलं, लग्न कुणाचं? सर म्हणाले, राज्यशास्त्राचं. त्यानं हात जोडून सोडलं.

पास झालो हो! मायाबाई इंग्रजीत काठावर, पण पास. आणि मग आम्ही गाढवपणा केला. आमच्याकडं कुणाला काही मिळालं की शाल-श्रीफळ घेऊन सत्कार केल्याशिवाय माणसाला अन्न गोड लागत नाही. मंडप घातला, सरांना फेटा बांधला. पाहुणे म्हणून पुढारी आप्पासाहेब आणले, ते तासभर स्वतःच्याच ऊस आंदोलनावर बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि खाली बातमी: ‘विश्रामबागेत वर्ग घेऊन शेकडो पदवीधर घडवणारे हंबीरराव सर.’ होतो आम्ही सव्वीस जण! सरांनी तो पेपर सात ठिकाणी दाखवला. कुणा जळक्यानं त्याचं कात्रण काढून जिल्हा परिषदेत धाडलं; मायाबाईंचा मुख्यसेविकेच्या भरतीचा अर्ज तिथंच होता.

मायाबाईंना बोलावणं आलं. मी रजा टाकून सोबत गेलो आणि सर न बोलावता आले. टेबलापलीकडं भरतीचे अधिकारी सुमंत साहेब, वाईकडचे, माणूस सभ्य. त्यांनी कात्रण पुढं सरकवलं.

“बाई, तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण वर्ग सांगलीत झाले असतील, तर ही पदवी मला धरता येणार नाही.”

मायाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“वर्ग? कसलं वर्ग?” सर पुढं झाले. “साहेब, मी पार्सलं वाटणारा माणूस.”

“मग हा सत्कार?”

“मीच करून घेतला. हौस! लोकांनी सर म्हणावं म्हणून बातमीबी मीच दिली. पेपरवाला वळखीचा हाय.”

“म्हणजे तुम्ही यांना काहीच शिकवलं नाही?”

“एक अक्षर न्हाई.”

सुमंत साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. “फुकटचा फेटा बांधून घेताना लाज नाही वाटली?”

“वाटली की, साहेब. पर हौस लय वाईट.”

दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. सर मात्र त्याच्याबरोबर हसत उभे होते.

साहेब मायाबाईंकडं वळले. “हे म्हणतात ते खरं आहे? तुम्ही सांगा, म्हणजे मी तसं लिहितो.”

मायाबाईंनी मान खाली घातली.

“सांगा की बाई,” सर खेकसले. “माझी कसली भीड धरताय?”

“खरं आहे,” मायाबाई म्हणाल्या. “यांनी मला काही शिकवलं नाही.”

साहेबांनी लिहिलं, सही घेतली, पदवी धरली. आम्ही बाहेर आलो आणि मायाबाई जिन्याच्या तोंडाशी हमसून रडायला लागल्या. मलाही भडभडून आलं. त्या सरांच्या पायाशी वाकायला गेल्या, तर सर दोन पावलं मागं सरकले. शिपाई दारातून बघत होता.

“डोळं पुसा, बाई,” ते म्हणाले. “आन् माझ्यासंगं खाली येऊ नका. तुमची आमची वळख पार्सलापुरती.”

आणि ते एकटेच जिना उतरून गेले.