गोदामातलं हळदीकुंकू

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या मामांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारणसुद्धा भित्रंच आहे, नाही का?

झाशीत आम्हा मराठी माणसांची घरं मोजकी. आमचं लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मामा नोकरीमुळे भुसावळहून आले, रेल्वेत होते, नगरा नावाच्या रेल्वेवस्तीत राहायचे. त्यांची मुलगी रेवती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हिंदीत वाढलेली, मराठी तोडकंमोडकं बोलायची, पण मला मात्र नेहमी ताई म्हणायची. मामी लवकर गेल्या, त्यामुळे रेवती म्हणजे मामांचा जीव की प्राण. तिला कुठे पाठवायचं, कुठे नाही, हे ते मला विचारून ठरवायचे. मी मोठी, मी समजूतदार, मी शाळेत शिकवते—असं सगळं.

आणि मी तिला गोदामात नेलं. ती आपणहून गेली नाही—मी तिला नेलं. एवढं आधी नीट सांगून टाकते, कारण घरात आजवर उलटंच समजतात.

बाजाराच्या मागे तेंदूपत्त्याचं एक जुनं गोदाम होतं. बिडीचा धंदा बसला तसं ते ओस पडलं. मग दिल्लीहून परतलेल्या कुणीतरी त्याचा क्लब केला. त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही गोदामच म्हणायचो. आमच्या गावात मुलींना दिवेलागणीच्या आत घरी यावं लागतं हे त्यानं बरोबर ओळखलं होतं, म्हणून कॉलेजच्या पोरांसाठी दुपारी तीन ते सहा असा खेळ असायचा. बाहेर चैत्राचं ऊन, आणि आत काळे पडदे, जांभळे दिवे, भिंतीभर रंगवलेल्या भल्यामोठ्या अळंब्या, डोळे, एकात एक फिरणारी वर्तुळं. दिवे बदलले की ती वर्तुळं खरंच फिरायची. संगीताला शब्द नव्हते, ठोका सरळ छातीत वाजायचा. आणि खाली या सगळ्याला तेंदूच्या पानांचा तो जुना, कोरडा वास. तिथे काही जण काय काय घेत होते ते मला माहीत नव्हतं—छे, माहीत होतं. आम्ही दोघी लिंबाचा सोडा घेत होतो. पण माहीत होतं.

घरी काय सांगून जायचो? हळदीकुंकू. चैत्रात गौर बसते, आणि आमच्याकडे घरं थोडी म्हणून सगळ्याजणी वार वाटून घेतात. महिनाभर कुणा ना कुणाकडे बोलावणं असतंच. दोन बायकांनी दुपारी नटून बाहेर पडायला याहून साळसूद कारण कुठलं? एका घरी गौरीला वाकायचं, डाळ-पन्हं घ्यायचं, पळायचं, आणि परतताना दुसरं घर. बेत माझा होता. त्याचा मला केवढा अभिमान होता!

पहिल्या दिवशी आत शिरलो तर लोक आमच्याकडे बघायला लागले. त्या जांभळ्या उजेडात कपाळावरची हळद चमकत होती, आणि कुंकू काळं ठिक्कर. त्यांना वाटलं काही खास रंग आहे. एका मुलीनं कुठे मिळतो म्हणून विचारलं, तेव्हा रेवती हसून हसून खाली बसली. ती इतकी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मला तिथे आनंद झाला होता, हे लपवणार नाही. माझं लग्न ठरलं होतं, ग्वाल्हेरचं जुनं घराणं, साखरपुडा महिन्यावर आलेला. गोदामात गेलं की मी कुणाची कुणीच नसायचे.

चौथ्या वेळी पोलीस आले.

संगीत थांबलं, मोठे दिवे लागले, आणि भिंती एकदम मळकट दिसायला लागल्या. मी पहिली गोष्ट काय केली सांगू? ओढणीनं कपाळ पुसलं. रेवतीचं नाही पुसलं. तिला सांगितलंही नाही. हात आपोआप वर गेला, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. आपोआप स्वतःच्याच कपाळाकडे कसा गेला?

मुलींना अंगणात उन्हात ओळीनं उभं केलं. महिला पोलीस दांडगी होती, पण वाईट नव्हती. म्हणाली, "जिस मोड़ी के संग घर का कोई बड़ा हो, नाम-पता लिखाए और ले जाए. बाकी सब थाने." मोड़ी म्हणजे पोरगी. तेव्हा एक वाक्य पुरेसं होतं. ही माझी बहीण आहे. वहीत दोघींची नावं, वडिलांचं नाव, आणि आम्ही घरी. फार तर माझ्या वडिलांना फोन गेला असता. फार तर लग्न मोडलं असतं.

माझी पाळी आधी आली. मी पर्समधून शाळेचं ओळखपत्र काढलं आणि म्हटलं की मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेच्या मुली इथे येतात असं कानावर आलं होतं, म्हणून पाहायला आले. इतकं सफाईदार खोटं मला आधी सुचलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती बाई चक्क खूश झाली. "ऐसी मैडम सब जगह हों," म्हणाली.

तेवढ्यात तीन मुली सोडून उभी असलेली रेवती बोलली. मराठीत. "ताई, सांग ना गं यांना."

पोलीसबाईनं माझ्याकडे पाहिलं. "आपसे कह रही है?"

मी म्हणाले, "पता नहीं. मैं नहीं जानती इसे."

रेवतीच्या कपाळावर हळदीकुंकू तसंच होतं, घामानं ओघळलेलं. मी ऑटो केली आणि दुसऱ्या घरी गेले. तिथे मला पुन्हा हळदीकुंकू लावलं. मी आंब्याची डाळ खाल्ली, वर आणखी मागून घेतली. रेवती कुठे, असं काकूंनी विचारलं तर म्हटलं, मैत्रिणींबरोबर गेली, मी नको म्हणत होते.

मामा ड्यूटीवरून तसेच ठाण्यात गेले. त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. मामा मलाच विचारायला आले, "तूच सांग बाळ, काय करू?" मी सांगितलं की तिला भुसावळला काकांकडे पाठवा, इथे आता बोभाटा होईल. खरं तर ती समोर राहिली तर कधीतरी तोंड उघडेल, ही भीती होती. तिची बी.एस्सी. अर्धवट राहिली. माझा साखरपुडा थाटात झाला. करून सवरून मी नामानिराळी.

तिनं तोंड उघडलं नाही. एकदाही नाही. का? मला समजत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. ती आता तिकडेच एका औषधाच्या दुकानात काम करते. मामा तिच्याशी नऊ वर्षं हो-नाहीपलीकडे बोललेले नाहीत. निवृत्तीनंतर ते ग्वाल्हेरला माझ्याच घराजवळ राहायला आले. मी डबा पाठवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोटची नाही पण लेक हीच.

गेल्या महिन्यात त्यांना झटका येऊन गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "रेवतीला फोन कर. सांग, मी माफ केलं तिला."

ही वेळ होती. हात त्यांच्या हातात, खोलीत दुसरं कुणी नाही. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. रेवतीला सांगितलं, मामांनी तुला माफ केलंय. ती म्हणाली, "अच्छा. दवा टाइम पे देना उनको." आणि फोन ठेवला.

आत आले तर मामा उशीवरून मान उचलून विचारत होते, काय म्हणाली?

मी म्हटलं, रडली.