फितीतला पीळ

स्टुडिओत तिला सगळे कानसेन म्हणत. गाता गळा नव्हता, पण कान इतका तिखट की शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवली तरी ही रेकॉर्डिंग थांबवायची. तळघरातल्या त्या खोलीत तिने वर्षानुवर्षं जाहिराती, श्रुतिका आणि हौशी गायकांची गाणी मुद्रित केली होती. गावभरच्या माणसांचे आवाज तिच्या संगणकात पडून होते. वडिलांचा मात्र नव्हता. ती दोन वर्षांची असताना घशाच्या दुखण्यात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. तेव्हापासून बाबा गळ्याला बॅटरीवरचं एक यंत्र टेकवून बोलत. एकाच पट्टीत, घरघर करत शब्द बाहेर पडायचे. तिच्या लेखी बाबांचा आवाज म्हणजे ती घरघर.

त्या दिवशी एका श्रुतिकेचं काम चाललं होतं आणि दिग्दर्शकाला भूत हवं होतं.

"किंचाळणारं नको हं," तो म्हणाला. "कुणीतरी बोलतंय, पण कळत काहीच नाही, असं."

"मग सोपं आहे. कुणाचंही बोलणं घ्यायचं आणि उलटं फिरवायचं. देवमाणूस बोलला तरी भूत वाटतो."

आईने माळा आवरताना जुन्या कॅसेटींचं एक खोकं तिच्या गळ्यात मारलं होतं. त्यातल्या एका कॅसेटमध्ये नुसतंच दबलेलं, अगम्य बरळणं होतं. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून तिने ते संगणकात घेऊन ठेवलं होतं. आधीच विचित्र, त्यात उलटं केलं तर विचारायलाच नको, असा तिचा हिशेब. पडद्यावरची आवाजाची नागमोडी पट्टी तिने निवडली आणि ‘रिव्हर्स’ दाबलं. आरशात पाहावी तशी पट्टी फिरली. तिने ती वाजवली.

"...चालू झालं का हे? हां, लाल दिवा लागलाय. ए भिंगरी, इकडे ये, बोल ह्यात काहीतरी! पळू नकोस, वायर आहे तिथे!"

भरदार, किंचित घोगरा पुरुषाचा आवाज. कापसात गुंडाळल्यासारखा, पण शब्दन् शब्द कळत होता.

"अहो, हा तर सरळ बोलतोय!" दिग्दर्शक म्हणाला.

तिला हसूच आलं. काय घडलं असेल ते लगेच ध्यानात आलं. कधीतरी फीत अडकली असणार, कुणीतरी ती बाहेर ओढून पेन्सिलीने पुन्हा गुंडाळली असणार आणि त्यात पीळ पडला असणार. म्हणून पलीकडच्या बाजूचं बोलणं मागून उलटं वाजत होतं. पण हा बाबा कोण, असं ती मनात म्हणतेय तोच एका बाईचा आवाज आला.

"अहो, एवढीशी पोर ती काय बोलणार? तुम्हीच म्हणा ना काहीतरी."

आवाज आईचा होता. तरणाताठा, पण आईचाच. आणि आई जगात एकाच माणसाला ‘अहो’ अशी हाक मारायची.

दिग्दर्शक "पाणी देऊ का?" विचारत होता आणि ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवत होती. नुसता श्वास ऐकून माणूस ओळखणारी ती. जन्मदात्या बापाचा आवाज कानात शिरला आणि तिने विचारलं, हा कोण?

ते बोलणं फोनवर घेऊन, हातातलं काम टाकून ती तडक घरी गेली. बाबा खिडकीशी बसून एका किल्लीचे दाते घासत होते. कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, हात रिकामा राहायचा नाही. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. आधी आईला एकटीला सांगावं, एवढंही तिला सुचलं नाही. "बाबा, हे ऐका," म्हणाली आणि ते लावून फोन टेबलावर ठेवला.

"अगं ए, बाहेर ये जरा! ही बघ कशी बोलतेय!"

"आले हो!" आतून आईने ओ दिली. पदराला हात पुसत ती दारात आली, बाबांकडे बघितलं. बाबांचं तोंड मिटलेलं होतं. यंत्र टेबलावर होतं. आईची नजर फोनवर गेली.

फोनमधलं पोर खिदळत होतं. बिघडलेल्या मशीनला कान लावावा तसे बाबा मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

"कोण हा? फार बोलतो."

ती हसायला गेली, पण त्यांनी यंत्र खिशात टाकलं. ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

"विसरले होते गं मी," आई म्हणाली. "आधी वाटायचं, हा आवाज कसा विसरेन? मग एकदा आठवायला गेले, तर डोक्यात घरघरच ऐकू आली. नुसती घरघर."

"आणि भिंगरी?"

"तूच की! पाय एका जागी ठरायचा नाही तुझा. ऑपरेशननंतर त्यांनी ते नाव टाकलं. म्हणाले, ह्या डबड्यातून नको."

श्रुतिकेसाठी तिने फाटकाच्या बिजागरीची करकर उलटी वाजवून दिली.

घरात मात्र वेगळंच सुरू झालं. आई उठता-बसता ते ऐकायला मागू लागली. बाबांनी चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी यंत्र गळ्यात रुतेल इतकं दाबून म्हणाले, "मी बसलोय ना इथे! जिवंत आहे! त्याला कशाला बोलावतेस?" आई रडली. त्यानंतर त्यांच्यासमोर ते कधी लागलं नाही. ते संध्याकाळी फिरायला गेले की आई आपल्या फोनवर ते लावायची. बाबांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी विषय काढला नाही.

एका संध्याकाळी ती जिना चढत होती. वर पाहते तर बाबा दाराबाहेर उभे. लवकर परतले होते. आतून त्यांचाच तरुण आवाज येत होता आणि आई हसत होती, आजची आई, मोठ्याने. तिला वर जाववेना की खाली उतरवेना. बाबांनी तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आतला आवाज थांबल्यावर त्यांनी नुकतंच आल्यासारखे पाय दाणदाण आपटले आणि बेल वाजवली.