फ्रीजरमध्ये ठेवलेले करांदे

दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते.

नात्याच्या सुमनकाकी आज लावणीचे करांदे न्यायला महाडला माझ्याकडे आल्या. घराच्या बांधकामात त्यांच्या सासूबाईंनी लावलेला वेल गेला, त्या वेलाचे एवढेच कंद उरले होते. दरवर्षी त्या लावणीचे कंद राखेत ठेवतात. यंदा उंदीर फार, म्हणून "माझ्या फ्रीजरमध्ये ठेवा" असं मीच सुचवलं होतं.

पिशवी काढली तेव्हा करांदे दगडासारखे टणक होते. काकी खूश झाल्या. चहा पिऊन होईपर्यंत करांद्यांना पाणी सुटलं आणि दाबून बघताना काकींचं बोट आतच गेलं.

"हे तर शिजल्यावानी झाले गो! आता कोंब येल काय?"

नाही येणार. गोठताना पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे टोकदार कण पेशी फाडतात. बर्फ वितळेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.

"एवढी शिकलीस, आणि करांदे मारलेस," काकी हसत म्हणाल्या. पण चपला घालताना डोळे पुसले.

महाड-पोलादपूरकडे कुणाकडे लावायला गोडे, म्हणजे कडू नसलेले, करांदे आहेत का? मी स्वतः येऊन नेईन. तो वेल गेलाच, पण काकींचा वेलाचा मांडव यंदा रिकामा राहू नये.