दुपारी अडीचला सुटणारं लॉक

आमच्या बाबांनी उभी नोकरी अकोला-अमरावती बसवर कंडक्टर म्हणून काढली. मूर्तिजापूर आलं की त्यांचा आवाज मागच्या सीटवर घोरणाऱ्यालाही उठवायचा. त्याच माणसाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती हवा उरली. आईचे कान त्याआधीच गेले होते. कानात घालायचं मशीन आणून दिलं, तर शिट्या मारते म्हणून तिने ते डबीत घालून कपाटात टाकलं. पन्नास वर्षं मनसोक्त भांडलेली दोन माणसं एका घरात मुकी होऊन बसली. मला ते बघवेना.

मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, एवढी वर्षं पोरांचं डोकं खाल्लंस बाई, आता घरच्यांसाठी काहीतरी कर. आईबाबांच्या अकोल्याच्या घराच्या चार भिंतींपुरता एक छोटा एफएम ट्रान्समीटर केला. त्याचा लांब वायरचा माइक बाबांच्या बनियनला, आईच्या कमरेला खिशातला रेडिओ आणि कानात इअरफोन. बाबा माइकमध्ये पहिला शब्द बोलले तो "मूर्तिजापूर."

आई आतल्या खोलीतून म्हणाली, "मले नाही उतरायचं. चालू द्या गाडी."

मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

पण दोन दिवसांत स्टेशन सरकायला लागलं. आई रेडिओचं चाक फिरवून फिरवून वैतागली. साधं सर्किट असंच भरकटतं, म्हणून मी त्याला स्टेशन जागेवर धरून ठेवणारा फेज-लॉक्ड लूप बसवला. वर्गात मी तो बैलजोडीवरून सांगते. क्रिस्टल म्हणजे सरळ चालणारा जुना बैल, ऑसिलेटर म्हणजे त्याच्या जोडीला जुंपलेला नवा गोऱ्हा. सर्किट दोघांच्या पावलांतला फरक सारखं बघत राहतं आणि गोऱ्हा हुकला की व्होल्टेजचा कासरा ओढून त्याला ओळीत आणतं. पावलं जुळली की लॉक लागलं. तेव्हा माझ्या सर्किटवर हिरवा दिवा लागतो. लॅबमध्ये दिवसभर चालू ठेवून पाहिलं, फ्रिक्वेन्सी जागची हलली नाही. मी खूश. अकोल्याला नेऊन बैठकीतल्या दिवाणाच्या वर, भिंतीला ठोकून आले.

आठ दिवसांनी आईचा फोन. तिचा फोन एकतर्फी असतो, बोलते आणि ठेवून देते. "दुपारी अडीचले बंद पडून राहिलं तुयं मशीन. नुसती खरखर. नीट कर."

रविवारी सकाळी गेले, तर हिरवा दिवा लख्ख. बाबा पेपर वाचून दाखवताहेत, आई मधूनमधून त्यांना दुरुस्त करतेय. मी परत आले. पुन्हा फोन. पुन्हा गेले, पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. माझा पाराही बाबांसारखाच, चढला की उतरायला स्टॉप लागतो. बाबांचा माइक हातात घेऊन मी तिला म्हटलं, "अडीचला बाबा झोपलेले असतात. तेव्हा तुला ऐकायचं काय असतं?"

तिने तोंड फिरवलं. "तुले सांगून काय फायदा."

तो मे महिना होता. त्या दिवशी मी हट्टाने दुपारीही थांबले. बाबा कूलरसमोर दिवाणावर झोपले, माइक बनियनलाच. कूलरच्या ओल्या हवेने आईचे गुडघे धरतात, म्हणून ती आत पंख्याखाली. मी दाराशी खुर्ची टाकून हिरव्या दिव्याकडे बघत बसले. अडीचच्या सुमाराला तो लुकलुकला आणि विझला.

मी उठले, तोवर आई भिंत धरत धरत बाहेर आली होती. ती सरळ बाबांपाशी गेली, वाकली आणि त्यांच्या नाकाखाली तळहात धरला. मग वळली, तर समोर मी.

"श्वास ऐकून राहिली होती व मी त्याईचा," ती म्हणाली. "दवाखान्यात एकदा अटकला होता. मी बाजूलेच बसून होती अन् मले ऐकू नाही आलं. नर्स धावत आली तवा समजलं. तवापासून दुपारी डोळा लागत नाही. खरखर झाली का उठून पायतो." मग म्हणाली, "त्याईले सांगू नको."

मला माझीच लाज वाटली.

भिंतीला हात लावला तर चटका बसला. भिंत पश्चिमेची. दुपार कलली की ऊन तिच्यावर येतं, आणि मी शहाणीने नेमकं तिथेच सर्किट ठोकलं होतं. तापलं की ऑसिलेटर सरकायचा, लूप कासरा ताणत जायचा, आणि कासरा संपला की गोऱ्हा सुटायचा. लॅबच्या एसीत बसून अकोल्याच्या उन्हासाठी सर्किट करणारीला दुसरं काय म्हणणार? अमरावतीला आणून मी त्याच्यावर हेअर ड्रायर धरला. तापूनही मूल्य न बदलणारे कपॅसिटर घातले. गरम असतानाच कॉइल प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवत गेले, भर तापातही व्होल्टेजचा कासरा मधोमध राहील, दोन्हीकडे ओढायला जागा उरेल, असं. चार संध्याकाळी गेल्या. पुढच्या रविवारी ते आतल्या, थंड भिंतीला लावलं.

अडीच वाजले. पावणेतीन झाले. दिवा हिरवाच.

खात्री करायला मी दुसरा रेडिओ कानाला लावून आईच्या पलंगाशी बसले. बाबांचा श्वास येत होता, जरा घरघरता, पण एका चालीत. आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. कितीतरी महिन्यांनी बाई दुपारची झोपली होती. मी पंखासुद्धा वाढवला नाही.

तेवढ्यात इअरफोनमध्ये श्वासाची चाल बदलली. बाबा जागे झाले होते. त्यांनी दिवाणावरून आत डोकावलं असावं. मी दाराआड होते, त्यांना दिसले नाही. माइक तोंडाजवळ धरल्याची खसखस झाली, आणि त्या उरल्यासुरल्या हवेच्या आवाजात ते म्हणाले, "झोप व. मी आहो."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी हळूच कानातला इअरफोन काढून ठेवला.