डावीकडून मारलेला हात

भाव ठरवताना मी आधी तोंड उघडत नाही. जो आधी बोलतो, तो उतरतो. तळोज्यातला हा गाळा मी असाच उभा केला, कुणाच्या उपकारावर नाही.

गाळ्यात आम्ही प्लास्टिकच्या ट्रेंना लेप देतो. कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटं या ट्रेंतून इकडून तिकडे जातात. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, आणि आपल्याला जाणवतही नाही अशी एखादी ठिणगी सर्किट मारून टाकते. म्हणून ट्रेवर कार्बनच्या नळ्यांचा थर द्यायचा. नळ्या इतक्या बारीक, की त्यांच्यापुढे केस म्हणजे ओंडका. त्या पाण्यात घोळवून गनने फवारायच्या. सुकल्या की एकमेकींत अडकून जाळं होतं आणि वीज त्यातून निघून जाते. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाण्यात गुठळ्या व्हायच्या, आणि प्लास्टिकवरून पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळायचं.

हे काम जमवलं आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या धाकट्या भावाने. बारावी नापास होऊन तो गावी बसला होता. मी त्याला इथे आणलं, हातात गन दिली. आधी हेल्मेटं रंगवली, मग मिक्सरची झाकणं. फवारण्याआधी ट्रेवरून गॅसची ज्योत झर्रकन फिरवली की पाणी पसरतं, हे आम्हाला भांडता भांडता सापडलं. तो डावखुरा. डावीकडून तिरपा हात मारायचा, आधीच्या हातावर निम्मा चढवून पुढचा. थर धुरकट असतो. ट्यूबलाइटसमोर ट्रे धरला की हात कुठून कुठे गेला ते दिसतं.

थर टिकायला लागला आणि तो गेला. आमच्याच गिऱ्हाइकाकडे, ट्रे तपासायच्या नोकरीवर. मी पुढे केबिनमध्ये, तो मागे फवारणीच्या बूथमध्ये गन धूत होता, आणि माझ्या मोबाइलवर मेसेज आला, 'दादा, सोमवारपासून तिकडे जॉइन होतोय.' मधे फक्त एक दार होतं. मी आत जाऊन मगभर लेप भिंतीवर फेकला. त्याने गन पुसली, जागेवर ठेवली आणि निघाला. मी त्याला माफ केलेलं नाही.

तो खांदेश्वरला राहतो, मी करंजाड्याला. रिक्षाने जाता येतं. कुणी कुणाकडे गेलं नाही.

बूथवर माणसं ठेवून पाहिली. कुणाचा थर सारखा बसेना, म्हणून शेवटी गन मीच धरली. परवा गिऱ्हाइकाने कळवलं की तपासणीला माणूस येतोय, आणि तो हाच होता. तेव्हा मी मनाशी ठरवलं, याला परत घ्यायचं. बूथ त्याचा, अर्धा गाळाही त्याच्या नावावर. फक्त विषय त्याने काढायचा.

तो आला. सोबत एक इंजिनीअर मुलगी. त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पोट जरा सुटलेलं.

"नमस्कार सर," तो म्हणाला.

"या साहेब," मी म्हणालो.

मला राग यायला हवा होता. आला नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल जसा होतो, तसं काहीतरी. जागेवर असतो, पण आपला नसतो.

त्याने पांढऱ्या फडक्याने ट्रे घासला. फडकं पांढरंच राहिलं. मग थरातून वीज जाते का ते बघायला मीटरची दोन जड टोकं ट्रेवर ठेवून आकडा मुलीला सांगितला. परत वळताना तो भिंतीपाशी थांबला. तिथला राखाडी डाग मी अजून पुसलेला नाही. त्याने टोकं डागावर दाबून धरली.

"भिंतपण पास, मॅडम."

"भिंतीला कशाला कोटिंग केलंय?" ती हसली.

"सरांना विचारा. रागाचं कोटिंग हाय, निघत नाय."

मी चहा सांगितला. मुलगी फोन आला म्हणून बाहेर गेली. त्याने एक ट्रे उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, बराच वेळ.

"डावखुरा माणूस ठेवलास काय?"

"मीच मारतो."

"तू? उजव्या हाताने डावीकडून? मनगटाची वाट लागत असेल."

"लागते."

त्याने ट्रे खाली ठेवला, पण हात त्यावरच राहिला. "आमच्याकडे बोर होतं रे. दिवसभर मीटर. गन धरून जमाना झाला."

गिऱ्हाईक असं हळहळायला लागलं की मी गप्प बसतो. गप्प बसलं की ते आणखी थोडं उतरतं. मी चहावरच्या सायीकडे बघत राहिलो. त्यानेही पुढे काही म्हटलं नाही. हे गप्प बसणं मीच त्याला शिकवलं होतं. बाहेरून मुलीने हाक मारली. त्याने कागदावर सही केली.

"लॉट पास," तो म्हणाला, आणि दारातून, "मनगट शेकत जा, दादा."

गाडी वळून गेली. त्याचा चहा तसाच होता, मी तो मोरीत ओतला. विषय त्याने काढायला हवा होता. मला अजूनही तसंच वाटतं. मास्क चढवून मी बूथमध्ये गेलो, ट्रेवरून ज्योत फिरवली आणि गन डावीकडे नेली.